सात नंबर, वाजून नाही राह्यलं

त्यांच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. तिथूनच सुरुवात करते, म्हणजे पुढं मी त्यांची स्तुती करायला लागले की ही पहिल्यापासून त्यांच्यातलीच, असं कोणी म्हणू नये.

पत्रकाचं शीर्षक होतं 'टायपिंगच्या नावाखाली पाळत'. मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं टायपिंग सेंटर होतं. तिथल्या अकरा कॉम्प्युटरांवर काही साईटी उघडत नाहीत, उघडायला गेलं तर खिडकी आपोआप मिटते आणि कोण भलतीकडे गेलंय ते काउंटरवरच्या माणसाला कळतं, असं मला दोन मुलींनी सांगितलं. मला तेवढं पुरलं. माणसानं काय पाहावं हे ठरवणारा हा कोण, विद्यार्थी काय वेठबिगार आहेत, असे सात सवाल केले, दोनशे प्रती काढल्या आणि पहिली त्यांच्याच दाराला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी परिणाम पाहायला गेले. दारावर पत्रक नव्हतं. आत नोटीस बोर्डावर होतं. त्यांनी ते नव्यानं टाइप केलं होतं, समास सोडून, सवालांना नीट आकडे देऊन, खाली आमच्या संघटनेचं नाव मध्यभागी घेऊन. शेजारी माझी मूळ प्रत, लाल पेनानं तपासलेली. कोपऱ्यात शेरा होता: 'मजकूर ठीक. मांडणी ढिसाळ. सवाल चार आणि सहा एकच आहेत.'

मी चौथा आणि सहावा पुन्हा वाचला. एकच होते.

सगळे त्यांना सर म्हणायचे आणि ते सगळ्यांना मशीनच्या नंबरानं हाक मारायचे. तहसीलदाराची मुलगी दोन नंबर, हमालाचा मुलगा नऊ नंबर. जात, आडनाव, गाव, बापाचा धंदा, यातलं काही त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही समतेवर शिबिरं घेतो, ठराव करतो. त्या खोलीत समता नुसती आकड्यांवर चालली होती.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात टायरच्या चपला, आणि बसायचं ते कॉम्प्युटरांकडे पाठ करून. हे मला आधी पटलंच नाही. पाळत ठेवणारा माणूस पाठ करून कशाला बसेल? समोर गल्लीकडची खिडकी, टेबलावर एक जुनं हातमशीन, म्हणजे टाइपरायटर. ते पुसत बसायचे. अन् मध्येच, मान न वळवता म्हणायचे, "पाच नंबर, वाजून नाही राह्यलं."

पाच नंबर दचकून टाइप करायला लागायचा.

मी भिंतींवर आरसा शोधला. नव्हता. स्टीलच्या पिंपात मागचं प्रतिबिंब दिसतं का म्हणून पाणी प्यायच्या निमित्तानं वाकून पाहिलं. माझंच तोंड दिसलं. शेवटी त्यांनीच सांगितलं. हातमशीनवर चाळीस वर्षं शिकवलं, एका खोलीत वीस मशीनं, कोणाचं कोणतं बोट चुकलं ते कानानं कळायचं. आता कॉम्प्युटर आले तरी कान तेच. "काम करणारं बोट ठोकते," ते म्हणाले, "अन् भटकणारं बोट खरवडते. माउसचं चाक हाय ना ते. खरवड, थांब, खरवड, थांब. उंदरावानी."

पण भरलेल्या बॅचला अकरा मशीनांचा आवाज एकमेकांत मिसळायचा. म्हणून या माणसानं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं. एकट्यानं, जाडजूड पुस्तकं मागवून. बाजारात तसले तयार प्रोग्रॅम मिळतात, आणि मिळतात हे त्यांना माहीत होतं. "मिळते ते काय करते हे कळत नाही," म्हणाले. "आपल्या घराचं कुलूप आपल्याले खोलता-जोडता आलं पाहिजे."

माझ्या पत्रकाचा कणा होता सवाल पहिला: कोणत्या साईटी बंद करायच्या ही यादी कोणाची? यादी त्यांची नव्हतीच. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. त्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं की माझा वेळ कोण खातं आणि मला कोणत्या तारखेपर्यंत सोडवा. जे लिहिलं तेवढंच बंद, त्याच्याच नावावर, त्याच तारखेपर्यंत. कार्ड कोरं ठेवलं तर सगळं उघडं. स्वतःच्या मनानं त्यांनी एक साईटही कधी घातली नाही.

आता मी तिथं का बसू लागले ते सांगते.

तालुक्यातलं एक गाव आहे. पोरींची लग्नं व्हायचीयत, गावाचं नाव छापू नको, असं गावानंच बजावलंय. तिथले आठवी ते दहावीचे वर्ग एका संस्थेनं उचलून मोठ्या गावातल्या आपल्या शाळेत नेले आणि मुलींना न्यायला-आणायला गाडी देऊ असं लेखी दिलं. गाडी दिवाळीपर्यंत आली, मग बंद. सतरा मुली रोज सहा किलोमीटर पायी जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा तिघी घरी बसल्या होत्या. उरल्या चौदा. आम्ही तक्रार केली, सुनावणीची तारीख लागली आणि पुराव्यांसह लेखी म्हणणं मांडायचं काम माझ्याकडे आलं. गाडी सुरू झाली नाही तर चौदाच्या किती उरतील हे त्या गावातलं कोणीही सांगत होतं.

माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दुपारी बारा ते तीन सेंटरला बॅच नसते. सरांनी सात नंबर दिला, फुकट, पत्रकाचा विषयही न काढता.

पहिल्या आठवड्यात मी अर्धं पान लिहिलं. बाकी वेळ मी लढत होते. म्हणजे मी त्याला लढणं म्हणायचे. संघटनेचं पेज होतं, त्यावर संस्थेची बाजू घेणारे लोक यायचे आणि मी त्यांना एकेक करून उत्तरं द्यायचे. काही उत्तरं खरंच झणझणीत होती. त्यातल्या एकानंही गाडी सुरू झाली नाही. शेवटी त्यांच्या शिव्या आणि तक्रारी इतक्या वाढल्या की मीच पेज झाकून टाकलं, माझ्याशिवाय कोणाला दिसणार नाही असं. तरी रोज उघडून जुनी भांडणं वाचत बसायचे.

"सात नंबर," एके दिवशी पाठमोरे सर म्हणाले, "आठ दिवस झाले. खरवडूनच राह्यली तू."

कार्ड मी मागून घेतलं. साईटचं नाव लिहिलं, सुनावणीची तारीख घातली आणि माझ्या फोनवरही टाका म्हणून अडून बसले, कारण मला माझी लायकी माहीत होती. त्यांनी दोन्हीकडे टाकलं. मग विचारलं, "चावी कोणापाशी ठेवू?"

ही त्यांची रीत मला ठाऊक नव्हती. कुलूप तारखेआधी उघडायचं तर पासवर्ड लागतो. तो अर्धा सरांकडे आणि अर्धा बाहेरच्या एका माणसाकडे, बंद पाकिटात. माणूस आपण निवडायचा, पण एका अटीवर. "जिच्यासमोर खोटं बोलायले तुले लाज वाटते, तिचं नाव सांग."

मी लताबाईचं नाव सांगितलं. लताबाई त्याच गावात प्राथमिक शाळेत खिचडी शिजवते. तिची प्रांजल नववीत, त्या चौदांपैकी एक. सरांनी हातमशीनवर चार-दोन शब्द ठोकले, कागद पाकिटात घातला, गोंद लावला आणि पाकीट माझ्याच हाती दिलं. मी ते लताबाईला संघटनेच्या बैठकीत नेऊन दिलं. फोडून पाहिलं नाही. एवढी तरी प्रामाणिक मी आहे.

त्यानंतर काम वाजायला लागलं. तक्ते, पत्रव्यवहार, संस्थेच्या लेखी हमीची नक्कल, चौदा पानं झाली. सुनावणीच्या दोन दिवस आधी फक्त एक जोडपत्र उरलं, मुलींचे फोटो. जुलैमध्ये मीच काढलेले. फोन तेव्हाचा बिघडला, नवा घेतला, आणि फोटो उरले होते एकाच ठिकाणी. त्या झाकलेल्या पेजवर.

दुसऱ्याच्या फोनवरून उघडावं तर पासवर्ड मला पाठ नव्हता, माझ्या फोनला पाठ होता. नवा मागवावा तर त्याचा कोड बंद पडलेल्या सिमवर जायचा. राहिलं सात नंबरचं मशीन. तिथं माझं लॉगिन साठवलेलं होतं. मी ठरवलं, सरांना न विचारता उघडायचं. ब्राउझर तीन होते. मुलं त्यांना चित्रांवरून गोलवाला, कोल्हावाला आणि लाटवाला म्हणायची.

गोलवाल्यात साईट सापडेना. कोल्हावाल्यात एक सेटिंग असतं, त्यानं तो साईटचा पत्ता मशीनला न विचारता परस्पर बाहेरून मागवतो, हे मला एका इंजिनियर मैत्रिणीनं सांगितलं होतं. ते बटण राखाडी पडलं होतं, दबेना. लाटवाल्यात मी गुपित खिडकी उघडली आणि एका मध्यस्थ साईटमधून आत शिरले, म्हणजे पत्ता भलत्याचाच दिसणार. साईटचं पान समोर आलं. खरंच आलं. मी श्वास घेतला आणि खिडकी मिटली. शेवटी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, त्यात एक छोटा चौथा ब्राउझर होता, त्याचं नाव बदलून मी 'टायपिंग सराव' ठेवलं होतं. तो उघडायच्या आधीच बंद झाला.

सर हातमशीनची शाईपट्टी बदलत होते. पाठ माझ्याकडे.

"झालं?" ते म्हणाले. मग पाढे म्हणावेत तसं सांगत गेले. कोणतीही साईट उघडायच्या आधी मशीन तिच्या नावावरून पत्ता काढतं, आणि त्यासाठी पहिल्यांदा स्वतःच्याच पोटातली एक छोटी यादी पाहतं. त्या यादीत सरांनी लिहून ठेवलं होतं की हे पाहुणे याच घरी राहतात. म्हणून मशीन आपल्याच दाराची कडी वाजवत बसतं. हा पहिला पहारा, सगळ्या ब्राउझरांना सारखा. पत्ता बाहेरून मागवायची सोय त्यांनी प्रत्येक ब्राउझरात आधीच गोठवली होती, हा दुसरा. आणि ब्राउझरच्या आत बसवलेला पहारेकरी गुपित खिडकीत शिरत नाही, म्हणून तिसरा पहारा बाहेरून. दर सेकंदाला समोरच्या खिडकीचा पत्ता आणि तिच्या डोक्यावरचं पानाचं नाव वाचायचं.

"पण ब्राउझरच्या बाहेरून आतला पत्ता वाचता कसा?" मी विचारलं. राग होता, पण राहवलंही नाही.

हे त्यांना तीन नंबरमुळे सुचलं होतं. तीन नंबर एक आंधळी मुलगी होती, टायपिंग शिकायला यायची. तिच्यासाठी सरांनी स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला. तो तिला खिडकीचं नाव, बटण, पत्ता, सगळं बोलून सांगायचा, कोणताही ब्राउझर असो. सर तिच्या शेजारी दोन दिवस डोळे मिटून बसले. "मले वाटलं, जे तिले ऐकू येते ते माह्या प्रोग्रॅमलेही ऐकू आलं पाहिजे." प्रत्येक ब्राउझर आपला पत्ता वेगळ्या खणात ठेवतो, आणि तो नव्यानं अद्ययावत झाला की खण हलवतो. मग सर रविवारी येऊन खण पुन्हा शोधायचे.

"अन् पेन ड्राइव्ह?"

"नाव बदलता येते. अंगठ्याचा ठसा नाही बदलत. प्रत्येक प्रोग्रॅमले तसा ठसा असते, माह्या यादीतला नसला की बाहेर."

मी राज्यभर भल्याभल्यांची भाषणं ऐकलीयत. पण मेहकरच्या गल्लीत, टायरच्या चपला घालून, आंधळ्या मुलीशेजारी डोळे मिटून बसलेला हा माणूस मला दिसला आणि मला माझे सात सवाल आठवून तोंड लपवावंसं वाटलं. तरी मी बोलायचं ते बोललेच. चौदा मुलींच्या शाळेचा प्रश्न आहे सर, इथं तुमचा खेळ चाललाय का, असं काहीतरी, आणि आवाज चढवून.

"मंग जाय ना. पाकीट आण लताबाईजवळून."

"तिकडं जायला गाडी नाही."

"हाव," सर म्हणाले. "मले माहीत हाय."

काळीपिवळी जीपनं मोठ्या गावापर्यंत गेले. तिथून सहा किलोमीटर चालत. गंमत अशी की या रस्त्यावर मी आधी पाच-सहा वेळा आले होते, दर वेळी कोणाच्या तरी मोटरसायकलवर. जुलैचे फोटोही तसेच. गाडी थांबवली, मुलींना गावच्या थांब्यावर रांगेत उभं केलं, पाच मिनिटांत परत. चालल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं की मधल्या नाल्यावर फरशीचा पूलही नाही, आणि दोन्ही बाजूंना काळी माती पाय धरून ठेवते. माझी एक चप्पल तिथंच राहिली.

लताबाई अंगणात भांडी घासत होती. मी पोचल्या पोचल्या पाकीट मागितलं. ती आत गेली नाही. हात धुतले, पाणी दिलं आणि म्हणाली, "अगुदर हे सांग, तुले नेमकं काय पाहिजे?"

"फोटो. मुलींचे. शाळेत चालत जातानाचे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ते सांगताना अडखळते. "आता शाळा सुटली असन. त्या निंघाल्या असतील. चालूनच येऊन राह्यल्या ना त्या. जाय समोर, काढ फोटो."

मी पाकीट न घेताच मागं फिरले.

नाल्याच्या पलीकडं त्या दिसल्या. चौदा जणी, एकामागं एक, अनवाणी. बूट-मोजे हातात, छातीशी धरलेले. प्रांजलला विचारलं तर तिला माझा प्रश्नच कळेना. शाळेत रोज बूट तपासतात. चिखल दिसला तर वर्गाबाहेर. म्हणून बूट हातात, पाय चिखलात, शाळेच्या नळावर पाय धुवायचे आणि मग घालायचे. जुलैच्या फोटोत त्यांनी माझ्यासाठी बूट घातले होते. पाहुणी आली म्हणून. मी तो फोटो पुरावा म्हणून जोडणार होते.

सुनावणीत साहेब चौदा पानं भराभर उलटत होते. जोडपत्रावर थांबले. बूट हातात का, म्हणून विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत संस्थेचे गृहस्थ उठले आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, आमच्याकडे शिस्त आहे, मळके बूट चालत नाहीत. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि खाली सही करायला लावली.

गाडी सुरू झाली. जुनी मिनीबस आहे, मागचं दार दोरीनं बांधलेलं, पण येते. घरी बसलेल्या तिघींपैकी एक परत आली. दोघींची तोवर लग्नं झाली होती. ते दोन आकडे मी माझ्या नावावर धरते, त्या कमेंटींच्या दिवसांसाठी.

गाडीच्या पहिल्या दिवशी लताबाईनं मला पाकीट आणून दिलं. ते फोडलेलं होतं. "बैठकीतून घरी येऊनच फोडलं व्हतं," ती म्हणाली. "वर माहं नाव व्हतं ना." आत सरांच्या हातमशीनचा ठसा. पासवर्ड नव्हताच. एकच ओळ होती: 'ती येईल. तिला आधी विचारा, नेमकं काय पाहिजे.'

मी तशीच सेंटरवर गेले. अर्धा पासवर्ड हे खोटं होतं तर. इतक्या मुलामुलींना फसवता, त्यांना खरंच गरज पडली तर, वगैरे बरंच बोलले. पत्रकाचा सूर लागला होता. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले की पासवर्ड पुरता त्यांच्याकडेच असतो आणि जो कोणी परत येऊन मागेल त्याला ते तिथल्या तिथं देतील.

"मग दिला किती जणांना?"

"परत कोणी आलंच नाही," सर म्हणाले. "तू तरी आली का?"

गेल्या वर्षी त्यांनी सेंटर आवरलं आणि देऊळगाव राजाला मुलीकडे राहायला गेले. मशीनं वाटून टाकली. सात नंबर आमच्या ऑफिसात आहे. त्यावर त्यांचा प्रोग्रॅमही होता, माझं कार्डही होतं, दर नव्या तारखेचं. पण मध्यंतरी कोल्हावाला अद्ययावत झाला, पत्ता बाहेरून मागवायची गोठवलेली सोय त्यानं पुन्हा मोकळी केली, आपला खणही हलवला, आणि तो पुन्हा शोधायला रविवारी येणारं कोणी उरलं नाही. त्यात सगळं उघडू लागलं.

मी सरांना फोन केला, स्पीकरवर ठेवला. त्यांना आनंद झाला असावा, कारण ते खूप बोलले. नवा खण कुठं शोधायचा, कोणती खिडकी आधी उघडायची, एकेक पायरी सांगत होते. मी हं हं म्हणत होते. समोर पेज उघडं होतं, कोणीतरी आमच्याविरुद्ध काहीतरी भयंकर लिहिलं होतं, आणि खाली अजून बरंच काही होतं.

फोनमध्ये ते बोलायचे थांबले. मला वाटलं लाइन कटली.

"सात नंबर," देऊळगाव राजाहून आवाज आला. "वाजून नाही राह्यलं."